पेडल घट्ट झालं की सांग

"गाडी आधी वर उचलायची नाही," आबा म्हणाले. "चाक जमिनीवर असतानाच बोल्ट सैल करायचे. नुसते सैल. काढायचे नाहीत. का?"

"हवेत असलं की चाक फिरतं," मी म्हणाले.

"आणि?"

"आणि आपण जोर लावला की गाडी जॅकवरून घसरते."

"शाबास. गणिताची मास्तरीण झालीस तरी सगळंच विसरली न्हाईस म्हणायची."

कोल्हापूरला रुईकर कॉलनीतल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये आम्ही दोघं बापलेक उकिडवे बसलो होतो. पुढं आबांची गाडी. लाल, दोन दारांची, रस्त्याला पोट टेकेल इतकी बुटकी. उद्यमनगरातला कारखाना आबांनी बंद केला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता हा माणूस देवदेव करेल, सकाळी बागेत जाऊन हसण्याचा क्लब लावेल. आबा पुण्याला गेले आणि ही गाडी घेऊन आले. आईने ती पहिल्यांदा बघितली तेव्हा तिच्याभोवती एक फेरी मारून विचारलं, "ह्यात बसायचं, का हे अंगात घालायचं?" मागे दोन सीटा होत्या म्हणे. त्यात एखादं मांजर बसलं असतं, तेही पाय पोटाशी घेऊन. आईने त्या गाडीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

पण आबांचा जीव त्या गाडीत होता, हे मात्र खरं. दर रविवारी उजाडताना ते एकटेच पन्हाळ्यापर्यंत जाऊन यायचे. परत आले की दिवसभर कुणावर ओरडायचे नाहीत. आई म्हणायची, गाडी नको वाटते, पण रविवार बरा जातो.

मग पितृपक्षात ती भानगड झाली. आबा गाडी पोर्चमधून बाहेर काढत होते, आणि ती गेटाशी थांबायची ती थांबलीच नाही. सरळ खांबावर गेली. खांबाचा कोपरा उडाला, गाडीचं नाक चेपलं, आबांना काही झालं नाही. खांब नसता तर गाडी रस्त्यावर गेली असती, आणि ती समोरची शाळा सुटायची वेळ होती.

आईचा सांगलीला मला फोन आला. "शालन, तू ये आणि ती किल्ली काढून घे. मी मागितली की भांडण होतंय."

"मी मागितली तर होणार नाही?"

"होईल. पण तुझ्याशी होईल."

मी दसऱ्याची सुट्टी लागल्या लागल्या आले. आबांनी मला दारातच सांगितलं, "तुझ्या आईनं तुला वकील म्हणून बोलावलंय, ठाऊक आहे मला. पण आरोपी मी न्हाई. आरोपी ब्रेक हाईत. गाडीत दिवा लागला होता, पॅड संपल्याचा. मी आळस केला, तेवढी चूक कबूल."

"आबा, पॅड संपले म्हणून गाडी खांबावर जाते?"

"बघूया की. खंडेनवमीच्या आधी पॅड बदलू. इथं, घरी. बदलणार मी, तू नुसतं बघायचं. माझी एक जरी चूक झाली तर किल्ली तुझी, आणि मी पुन्हा नाव काढणार न्हाई. न्हाई झाली, तर दसऱ्याला गाडी मी जोतिबाला नेणार, आणि ह्या घरात हा विषय परत कुणी काढायचा न्हाई. कबूल?"

मी कबूल म्हणाले. मला वाटलं, सुटले. त्र्याहत्तरीच्या माणसाकडून ह्या कामात एक तरी चूक होणारच.

खंडेनवमीच्या आधी, हे मात्र आबांनी उगाच म्हटलं नव्हतं. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन पुसून पूजेला लावतात आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. पाना नाही, हातोडी नाही, घरातली कात्रीसुद्धा नाही. कारखाना चालू होता तेव्हा तर आबांची ह्यात एक खास पद्धत होती. दसऱ्याच्या सकाळी सगळी माणसं रांगेत उभी राहायची. आबा पूजेतलं एकेक हत्यार उचलायचे आणि ज्याचं त्याच्या हातात द्यायचे. हत्यार दोन्ही हातांनी घ्यायचं, कपाळाला लावायचं, आणि मग वर्षभर ते त्याचं. दुसऱ्याने त्याला विचारल्याशिवाय शिवायचं नाही. लहानपणी मी त्या रांगेत शेवटी उभी राहायची. मला एक छोटा स्क्रू ड्रायव्हर मिळायचा.

तर नवमीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही पोर्चमध्ये होतो. फरशी सपाट आहे की नाही हे आबांनी पाणसळ लावून बघितलं होतं. मागच्या चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे लावले होते. मी पायरीवर बसले आणि तीन गोष्टींवर नजर ठेवायची असं मनाशी ठरवलं. एक, हात थरथरतात का. दोन, नजर पोचते का. तीन, काही विसरतात का. घेतलेल्या कामात हयगय मला जमत नाही, मग ते काम बापाला नापास करायचं का असेना.

आबांनी बोल्ट सैल केले. जॅक कुठं लावायचा ते चाचपून शोधलं, कारण ह्या गाडीच्या पोटाला भलतीकडे जॅक लावला तर पत्रा आत जातो. गाडी उचलली. मग ती जॅकवर तशीच न ठेवता खाली लोखंडी घोडी सरकवली आणि गाडीचा भार तिच्यावर उतरवला.

"जॅक उचलायसाठी असतो," ते म्हणाले. "भरवसा घोडीवर ठेवायचा. उद्यमनगरात एक जण जॅकच्या भरवशावर गाडीखाली गेला होता. त्याचं नाव मी तुला सांगत न्हाई, झोप लागणार न्हाई तुला."

"मला झोप लागते. तुम्ही गाडी हलवून बघितली का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, उठले, आणि गाडीला खांदा लावून हलवून बघितली. घोडी तसूभर हलली नाही. "ते करणारच होतो," म्हणाले. मी तो गुण त्यांना अर्धाच दिला.

तेवढ्यात आईने आतून चहाला हाक मारली. आबा आत गेले, बिनसाखरेचा चहा उभ्याउभ्याच प्यायले आणि परत आले. त्यांची साखर जुनी, माझ्या लग्नाच्याही आधीची. ते येऊन बसतात तोच त्यांच्या मागोमाग आई दारात आली. तिच्या हातात आबांची एक चप्पल होती.

"ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात राहिली," ती म्हणाली.

मी बघितलं तर आबांच्या डाव्या पायात चप्पल होती आणि उजवा पाय रिकामा. मला हसू फुटलं. "आबा, एका चपलेत हिंडताय होय? डोकं कुठं आहे तुमचं?"

"गाडीत," आबा म्हणाले आणि त्यांनी चप्पल घेतली.

आई हसली नाही. ती जरा वेळ तिथंच उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण आबांनी तिच्याकडे एकदा नुसतं बघितलं आणि ती आत गेली. मी मनातल्या यादीत विसरण्याच्या रकान्यात एक फुली मारली. चपलेची फुली ब्रेकच्या कामात धरायची की नाही, एवढाच काय तो प्रश्न मला पडला.

चाक निघालं. आत लाल रंगाचा कॅलिपर दिसत होता, ब्रेकची तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा. मी फुंकर मारून त्यावरची काळी धूळ उडवायला वाकले, तर आबांनी माझा खांदा धरून मला मागे ओढलं.

"फुंकायची न्हाई. ती धूळ छातीत जाते. मास्क लाव." त्यांनी ब्रेक धुवायचा फवारा मारला, खाली पसरलेल्या चिंधीवर काळं पाणी ओघळलं. मग पिना ठोकून काढल्या, वरची स्प्रिंग काढली, आणि झिजल्याची खबर देणारी बारीक वायर सोडवली. ह्या सगळ्याला हात लागतो आणि नजर लागते. आबांचे हात असे चालले होते की मला माझं लहानपण आठवलं, कारखान्यात स्टुलावर बसून त्यांचे हात बघण्यात गेलेल्या दुपारी आठवल्या. थरथर नाव नाही. चष्मा कपाळावर सरकवलेला, तरी पिन पहिल्या फटक्यात बाहेर.

जुने पॅड बाहेर आले. आबांनी एक पॅड उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"बघू," मी म्हणाले.

मी बघितला. मला ब्रेकमधलं फार कळत नव्हतं, पण धातू आणि त्यावरचा थर वेगळा ओळखता येत होता. थर पातळ झाला होता. संपला मात्र नव्हता.

"आबा, ह्याच्यावर गाडी थांबत नाही?"

"दिवा आधीच लागतो," ते म्हणाले. "संपायच्या आधी सूचना द्यायला."

"म्हणजे थांबते."

"हं."

"मग खांब?"

"काम चालू असताना बडबड करू नये," आबा म्हणाले आणि त्यांनी तो पॅड चिंधीत गुंडाळून बाजूला ठेवला. मी मनात म्हटलं, दोष ब्रेकचा नाही हे तर इथंच ठरलं. तेही त्यांना कळलं असणार. तरीसुद्धा ते काम सोडून उठले नाहीत, आणि त्याचं मला नवल वाटलं. हरलेला डाव आबा असे खेळत बसत नसत. पत्ते टाकून सरळ उठून जायचे.

पुढचं काम नाजूक. नवे पॅड जाड असतात, त्यांना जागा करायला कॅलिपरमधले दट्टे मागे रेटायचे. ते रेटले की ब्रेकचं तेल वरच्या डबीत चढतं, आणि ते सांडलं तर गाडीचा रंग खातं. आबांनी आधी बॉनेट उघडून डबीचं झाकण सैल केलं, भोवती फडकं गुंडाळलं, मला तिथं उभं केलं. "तेल काठाला आलं की ओरड." ते जुन्या पॅडच्या आधाराने दट्टे मागे सरकवत होते, एकदम नाही, जरा जरा. मी ओरडायची वेळच आली नाही.

मग मी एक आगाऊपणा केला. नव्या पॅडचा खोका माझ्याजवळ होता. पॅडच्या पाठीवर बाण असतो, चाक ज्या दिशेला फिरतं त्या दिशेचा. त्यांनी हात पुढे केला तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या बाजूचा पॅड त्यांच्या हातावर ठेवला.

आबांनी तो बघितलासुद्धा नाही. बोटांनी पाठ चाचपली आणि माझ्या मांडीवर परत ठेवला. "उजवीकडचा आहे हा. परीक्षा घ्यालीस काय माझी?"

"ठरलंय तसं आपलं."

"ठरलं होतं नुसतं बघायचं. फसवायचं न्हाई." पण त्यांना मजा वाटली होती. "मास्तरीणबाई, पेपर सोपा काढलाय तुम्ही."

पॅड बसले. पाठीला ग्रीसचा पातळ हात, घासायच्या बाजूला बोटसुद्धा नाही. स्प्रिंग, पिना, नवी वायर. मग दुसरी बाजू, तशीच. चाकं परत चढली. बोल्ट आधी हाताने फिरवले, समोरासमोरचे. गाडी खाली उतरवल्यावर आबांनी टॉर्क पाना घेतला, जो ठरलेला जोर लागला की टक् करून थांबतो. प्रत्येक बोल्टला टक् ऐकू आलं की ते मान हलवायचे. म्हणजे कानही शाबूत.

दुपारचं ऊन पोर्चच्या कडेला आलं होतं. ती चपलेची फुली सोडली तर माझी यादी कोरी होती. खरं सांगते, मी खूश झाले होते. मला आईची बाजू घ्यायला आणलं होतं आणि मी मनातून आबांच्या बाजूला गेले होते. खांबाचं काय, एखाद्या वेळेला कुणाचंही लक्ष उडतं. आईला कसं समजवायचं, जोतिबाला जाताना आबांच्या शेजारी मीच बसायचं, असं सगळं मी ठरवत होते.

"झालं की मग," मी उठत म्हणाले. "जिंकलात."

"बस खाली," आबा म्हणाले. "पेडल राहिलं."

"कसलं पेडल?"

"दट्टे मागे सारलेत ना आपण? आता पॅड तबकडीपासून लांब आहेत. पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल नुसतं खाली जाणार, काही लागणार न्हाई. कितीतरी शहाणी माणसं एवढंच विसरतात. पॅड बदलतात, गाडी चालू करून बाहेर काढतात, आणि समोर गेट." ते थांबले. "म्हणून जागेवरच पेडल दाबायचं. हळू, अर्ध्यापर्यंत, पुन्हा पुन्हा. पॅड तबकडीला भिडले की पेडल वर येतं आणि घट्ट होतं. ते झाल्याशिवाय गाडी बोटभरही हलवायची न्हाई."

"बरं. दाबा."

"तू चाकाशी बस. बॅटरी घे. चाकाच्या आऱ्यांतून आत उजेड टाक आणि पॅड कसे भिडतात ते बघ."

"घट्ट झालं की सांगा मग."

"मी सांगतो," आबा म्हणाले.

त्यांनी दोन्ही चपला काढून पायरीशी जोडीने ठेवल्या आणि गाडीत बसले. मी चाकापुढं बसले. आतल्या अंधारात तबकडी चकाकत होती आणि तिच्या दोन्ही अंगांना पॅड. मधे थोडी फट.

"दाबतोय," आबा म्हणाले.

पॅड सरकले. पुन्हा सरकले. फट गेली. मग पॅड तबकडीला असे भिडले की पुढच्या दाबाला काहीच हललं नाही. मी आबांच्या आवाजाची वाट बघत राहिले. आतून पेडलचा बारीक आवाज येत होता, आणि तो थांबत नव्हता. दाब, सोड. दाब, सोड. मला वाटलं, पलीकडच्या चाकाचं राहिलं असेल. उठून तिकडे गेले, बॅटरी टाकली. तिथंही भिडलेले.

"आबा, लागले की."

आतला आवाज थांबला.

"लागले?" आबांनी विचारलं.

"मघाशीच. दोन्हीकडे."

मी उठून दारापाशी गेले. आबा सीटवर बसले होते, हात स्टिअरिंगवर, आणि खाली आपल्या उजव्या पायाकडे बघत होते. दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तसे.

"उतरतो," ते म्हणाले. "तू बस. दाबून बघ."

मी बसले. पेडलवर पाय ठेवला आणि दाबलं. "दगडासारखं आहे."

"कळतंय तुला?"

"न कळायला काय झालं? पायाला कळतं ना."

"मला कळलं न्हाई," आबा म्हणाले.

मला आधी उमगलंच नाही. मी म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे पेडल खाली जातंय का वर आलंय, मऊ आहे का घट्ट, काय कळलं न्हाई. तू सांगितलंस तेव्हा कळलं." ते पायरीवर जाऊन बसले, आपल्या चपलांच्या शेजारी. "गुडघ्याला कळतं कधीतरी. पण गुडघ्याला कळेपर्यंत गेट येतं."

मी गाडीतून उतरले.

"खांबाच्या दिवशी पाय ब्रेकवरच होता, असं वाटलं होतं," आबा म्हणाले. "कुठं होता, देवाला ठाऊक. सगळं सारखंच लागत होतं. मग मी आपला म्हणालो, ब्रेक खराब असतील. दिवा लागलाच होता. तेवढ्यावर पंधरा-वीस दिवस काढले."

"मग पॅड का बदलायला बसलात? जुना पॅड बघितलात तेव्हाच कळलं होतं तुम्हाला."

"त्याच्याही आधी कळलं होतं." ते पायाचा अंगठा हाताने चेपत होते. "पण कळणं निराळं आणि बघणं निराळं. चालत्या गाडीचं पेडल कायम घट्टच असतं. तिथं पायाला कळलं का आपण सवयीनं दाबलं, हे ठरवता येत न्हाई. नवे पॅड घातल्यावर मात्र ते आधी बुडतं आणि मग वर येतं. पाय शाबूत असला तर ते कळलंच पाहिजे. मी विचार केला, एकदा नीट तपासू. तपासलं."

मी त्यांचे हात बघत होते, डोळे बघत होते, त्यांना फसवून बघत होते. आणि ते सकाळपासून फक्त ह्या एका गोष्टीकडे चालले होते. मला इतकं भरून आलं की मी त्यांच्यावर ओरडले.

"साखरेच्या डॉक्टरांना का नाही सांगितलं? आम्हाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली काढून घेतली असती," आबा म्हणाले. "मला ती काढून घ्यायला नको होती."

आई दारात उभी होती. कधी आली कोण जाणे. ती आबांच्या पायाशी बसली, त्यांच्या उजव्या पायात चप्पल सरकवली आणि पट्टा नीट केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उन्हाळ्यापासून चपला गोळा करतेय मी. उंबऱ्यात, जिन्यात, देवळात. पायातली निसटते आणि ह्यांना पत्ता नसतो. त्या दिवशी न्हाणीत कढत पाण्यात पाय घालून उभे राहिले होते. तुला फोनवर कसं सांगायचं हे? म्हणून म्हटलं, किल्ली घे."

"मला तरी बोलायचं होतंस," आबा म्हणाले.

"बोलले असते तर तुम्ही चपला घालायच्याच बंद केल्या असत्या."

आबा हसले. आईही हसली, पदर डोळ्यांना लावून. मला काही त्यांच्यात हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आबांनी पाने, हातोडी, जॅक, टॉर्क पाना सगळं धुतलं, पुसलं, तेलाचा हात फिरवला. पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. शेवटी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि टॉर्क पान्याच्या शेजारी ठेवली. दिवसभर तिच्याकडे कुणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं.

रावजी खराडेंची आठवण मला तेव्हा झाली. रावजीकाका आबांच्या कारखान्यातले सगळ्यात जुने टर्नर. एका दसऱ्याला, मी दहावीत वगैरे असेन, रांगेत त्यांची पाळी आली. आबांनी त्यांचा मायक्रोमीटर त्यांच्या हातात दिला. रावजीकाकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि वळून मागे उभ्या असलेल्या पोवारांच्या हातात ठेवला. "नजर ऱ्हायली न्हाई, मालक," एवढंच म्हणाले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आबांनी त्या दिवशी कारखाना लवकर बंद केला आणि घरी येऊन जेवले नाहीत. मला तेव्हा वाटलं होतं, चांगला कारागीर गेला म्हणून ते नाराज आहेत.

दसऱ्याच्या सकाळी आबा अंघोळ करून पूजेपुढे उभे राहिले. गाडीला आईने झेंडूचा हार घातला होता, चेपलेल्या नाकावरून. मी मागे होते, आई देवघराच्या दाराशी. आबांनी किल्ली उचलली, कपाळाला लावली.

"शालन, हात पुढं कर."

मी केला नाही. "आबा, नंतर बघू. डॉक्टर काय म्हणतात ते बघू. कदाचित—"

"दोन्ही हात."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी किल्ली माझ्या ओंजळीत ठेवली, आणि ती ठेवल्यावर त्यांची बोटं जरा वेळ तिथंच राहिली. मग त्यांनी हात मागे घेतला आणि एकदम धोतर झटकत म्हणाले, "चला. ऊन चढायच्या आत जोतिबाला पोचायचं आहे. नवे पॅड आहेत, आधी मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून दाबून तबकडीला बसवून घ्यायला लागतील."

"मी पण येतेय," आई म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"बसशील कुठं?" आबांनी विचारलं.

"मांजराच्या जागेवर," आई म्हणाली. आणि खरोखरच नैवेद्याचा डबा पोटाशी धरून, पाय आडवे घेऊन, दोन प्रयत्नांत ती त्या मागच्या फटीत बसली. वर म्हणाली, "वाटलं होतं त्याहून बरी जागा आहे." ती धडधडीत खोटं बोलत होती.

मी गाडी सुरू केली. हलवायच्या आधी पेडल दाबून बघितलं. घट्ट होतं. गेटातून बाहेर पडताना तुटका खांब डाव्या हाताला गेला, आणि आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

गाव मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला. दसऱ्याची सकाळ, दुतर्फा ऊस, मागे पुढे कुणी नाही. आबांनी आरशात वाकून मागचा रस्ता स्वतः बघून घेतला.

"वेग धर थोडा. आता ब्रेक दाब, एकसारखा. थांबवायची न्हाई, वेग कमी झाला की सोड. घाई न्हाई. जरा वारा लागू दे चाकांना. आता परत."

मी दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. गाडी वेग घ्यायची आणि शहाण्यासारखी उतरवायची. आबा समोर बघत बसले होते, हात मांडीवर.

"कसं लागतंय?" त्यांनी विचारलं.

"बरं लागतंय."

"बरं म्हणजे काय? पायाला काय लागतंय ते सांग."

मी पुन्हा दाबलं, आणि पहिल्यांदाच नीट लक्ष देऊन दाबलं. "आधी जरा पोकळ," मी म्हणाले. "अगदी थोडं. मग कुठंतरी टेकतं. तिथून पुढं जितकं दाबावं तितकं ते उलटं रेटतं. आणि तळव्याला बारीक थरथर येते, धान्य दळताना जात्याच्या खुंट्याला येते तशी."

"ती थरथर कमी होत जाईल," आबा म्हणाले. "सांग मला कमी झाली की."

मागून आई म्हणाली, "अहो, तिला गाडी चालवू द्या की."

"चालवतीयच ती. मी नुसतं विचारतोय."

घाट सुरू झाला. वळणावळणाला मी ब्रेक दाबत होते आणि आबांना सांगत होते. आता टेकलं. आता रेटतंय. आता थरथर कमी झाली, आबा. आता नाहीच. आता नुसतं घट्ट, गुळगुळीत, पायाखाली काहीतरी जिवंत धरल्यासारखं. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपले. मी बोलायची थांबले.

"सांग की," आबा म्हणाले.

मी पुढच्या वळणावर दाबलं आणि सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "हं," ते म्हणाले. "असंच लागायचं मला."